चतुर आणि मुंगीसिंह: दोन शिकारी शेजारी ठेवून कसे बघायचे

नवरात्राच्या दिवसांत बडोद्यातल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर संध्याकाळी पाचच्या पुढे मान वर करून बघा, पिवळसर चतुरांचा अख्खा थवा डोक्यावर फिरत असतो आणि त्यातला एकही खाली बसत नाही. त्याच वेळी जवळच्या जुन्या देवळाच्या ओट्याला लागून, जिथे पावसाचं पाणी पोचलेलं नाही अशा कोरड्या धुळीत, नाण्याएवढे गोल खड्डे दिसतील, उलट्या शंकूच्या आकाराचे, एकदम नीट कोरलेले. त्या खड्ड्याच्या तळाशी मुंगीसिंह, म्हणजे अँटलायनची अळी, स्वतःला पुरून घेऊन बसलेली असते. वरचा पण शिकारी, खालचा पण शिकारी, दोघंही कीटक आणि दोघंही दुसरे किडे खाऊन जगणारे, पण एक सगळं पोट पळापळीवर भरतो आणि दुसरा जागचा हलत नाही.

मुलांना प्रोजेक्ट म्हणून किंवा स्वतःलाच नीट बघायची हौस आहे म्हणून दोन शिकारी किड्यांची तुलना करायची असेल तर ही जोडी घ्या असं मी सगळ्यांना सांगते. जंगलात जायला नको, काही विकत आणायला नको, दोन्ही किडे आपल्याला चावत-बिवत नाहीत, आणि दोघांत फरक इतका आहे की जे बघाल त्यातून काहीतरी निघतंच.

पण एक गोष्ट आधी सांगते कारण बहुतेक जणांची तुलना इथेच बिघडते. आपण उडणारा चतुर बघतो, खड्ड्यातला मुंगीसिंह बघतो आणि दोघांना समोरासमोर ठेवून मोकळे होतो. पण चतुर तेव्हा पूर्ण वाढलेला असतो आणि मुंगीसिंह अजून अळी असते, म्हणजे एकाचं मोठेपण आणि दुसऱ्याचं लहानपण आपण एकाच तागडीत घालतोय. चतुराचं लहानपण पाण्यात जातं आणि ते आपल्याला दिसत नाही. मुंगीसिंहाला पुढे पंख फुटतात पण तो रात्री उडतो, मग तेही दिसत नाही. या चारही गोष्टी बघून झाल्याशिवाय 'कोण जास्त भारी' या प्रश्नाला हात लावू नका, आणि बघून झाल्यावर तो प्रश्न तुम्हालाच बदलावासा वाटेल, कारण खरा प्रश्न असा आहे की एक घास मिळवायला कोण किती खर्च करतो आणि घास हुकला तर कोणाचं किती जातं.

कधी आणि कुठे

दोन्ही एकाच आठवड्यात बघायचे असतील तर नवरात्र ते दिवाळी हा काळ धरा, फार तर त्याच्या पुढचे पंधरा दिवस. पाऊस संपलेला असतो पण पाणी अजून साचलेलं असतं म्हणून चतुर भरपूर, आणि आडोशाची माती कोरडी व्हायला लागलेली असते म्हणून खड्डेही दिसायला लागतात. उन्हाळ्यात मुंगीसिंह सहज मिळतील पण चतुर कमी, भर पावसात नेमकं उलट.

चतुरासाठी सयाजीबाग सगळ्यात सोयीची, सकाळी ऊन तापायला लागलं की हिरवळीच्या कडेने आणि झुडपांच्या टोकांवर बसलेले सापडतात. सूरसागर तलावाच्या कठड्याशी पण थांबून बघा. घराबाहेर जायचं नसेल तर अगाशीवर पाण्याची सिमेंटची टाकी असेल तिथे बघा, खरबरीत भिंतीला सपाट चिकटून बसणारा करडा ठिपकेदार चतुर असतो, ग्रॅनाइट घोस्ट नावाचा, तो भिंतीच्या रंगात इतका मिसळतो की उडाला की मगच कळतं इथे काहीतरी होतं. गाडी काढून जायची तयारी असेल तर डभोईच्या बाजूला वढवाणा तलाव आहे, गायकवाडांच्या काळात १९१० मधे सिंचनासाठी बांधलेला, २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, लोक तिथे पक्ष्यांसाठी जातात पण काठच्या गवतात चतुर आणि टाचण्यांची (चतुराचेच बारीक, नाजूक अंगाचे भाऊबंद, इंग्रजीत डॅमसेलफ्लाय) जी गर्दी असते ती मला तर पक्ष्यांइतकीच बघण्यासारखी वाटते.

मुंगीसिंहासाठी उलटं, पाणी जिथे नाही तिथे जा. देवळाचा ओटा, जुन्या वाड्याची पागोळी पडते त्याच्या आतली पट्टी, जिन्याखालची धूळ, मोठ्या झाडाच्या बुंध्याशी सुकी भुसभुशीत माती. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार या बाजूला जुनी घरं अजून आहेत, त्यांच्या आडोशाला बघा, मात्र कोणाच्या ओट्याखाली वाकून बघण्याआधी घरातल्यांना विचारा, आजी-काकू लोक बहुतेक वेळा स्वतःच येऊन दाखवतात की इथे नाही तिथे जास्त आहेत.

आणि हे अगदी मनापासून: विश्वामित्रीच्या काठाला उतरायचं नाही. नदी सयाजीबागेतूनच जाते आणि तिच्यात मगरी आहेत, २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या सोसायट्यांपर्यंत आल्या होत्या हे बडोदेकरांना सांगायला नको. चतुराच्या मागे जाता जाता मुलं पाण्याजवळ कधी पोचली ते कळत नाही, म्हणून नदीची बाजू सोडूनच जागा ठरवा.

सामान म्हणाल तर वही-पेन, एक भिंग, चहाची जुनी गाळणी, आइस्क्रीमचा चमचा, पांढरा प्लॅस्टिकचा डबा, मऊ ब्रश, आणि स्लो मोशन असलेला मोबाइल. एवढंच.

वरचा शिकारी कसा बघायचा

थव्यात उडणारे जे पिवळसर चतुर आहेत ते बहुतेक पँटाला फ्लेव्हेसेन्स, इंग्रजीत वाँडरिंग ग्लायडर. ते दिसायला छान पण सुरुवात त्यांच्यापासून करू नका, कारण ते थांबत नाहीत आणि एकावर नजर ठेवणं अशक्य होतं. आधी बसणारा चतुर शोधा. साचलेल्या घाण पाण्याजवळ सुद्धा नारिंगी पंखांचा डिच ज्वेल असतो, किंवा लालभडक क्रोकोथेमिस, हे एका काडीवर बसतात, झेप घेतात आणि पुन्हा त्याच काडीवर नाहीतर बाजूच्या काडीवर येऊन बसतात. अशा एकाच्या समोर, सूर्य तुमच्या पाठीशी येईल पण तुमची सावली त्याच्यावर पडणार नाही असे उभे राहा, दोन-तीन मीटर लांब, आणि मग हलू नका. तो आधी उडून जाईल, जाऊ दे, काडी सोडू नका, तो परत येतो.

आता प्रत्येक झेप वहीत लिहायची. इथे एक गोम आहे की सगळ्या झेपा शिकारीच्या नसतात. दुसरा नर आला की त्याला हाकलायला पण तो उडतो, ती उडाणं लांबलचक असतात, दोघं एकमेकांभोवती फिरत दूरपर्यंत जातात. शिकारीची झेप छोटी असते, वरच्या दिशेने सुटतो आणि एखाद-दोन सेकंदात परत काडीवर. परत आल्यावर त्याच्या तोंडाकडे बघा, जबडे हलत असतील तर घास मिळाला, नुसताच बसला असेल तर हुकला किंवा मधेच सोडून दिला. भिंगाची गरज नाही, मोबाइलचा झूम पुरतो.

तुम्हाला दिसेल की जबडे बहुतेक वेळा हलत असतात. बसून शिकार करणाऱ्या चतुरांवर शास्त्रज्ञांनी जे मोजमाप केलंय त्यात १०० झेपांतल्या ९० पेक्षा जास्त झेपा यशस्वी निघाल्यात, जंगलातल्या सिंहाचा आकडा याच्या निम्म्यालाही पोचत नाही. हे कसं जमतं ते समजून घ्या म्हणजे काय बघायचं ते कळेल. चतुर सावजाच्या मागे धावत नाही. ते पुढे जिथे असेल तिथे तो जातो, जसा चांगला फील्डर उंच उडालेल्या बॉलखाली आधीच जाऊन उभा राहतो. त्याच्या डोळ्यांत जवळपास ३० हजारांपर्यंत छोटे डोळे असतात, त्यातला वरचा भाग आकाशाकडे बघायला खास तयार झालेला असतो, म्हणून तो सावजाला खालून गाठतो, उजळ आकाशावर काळा ठिपका त्याला स्वच्छ दिसतो. तुम्हीही बघा, झेप जवळजवळ कायम वरच असते, आणि संध्याकाळचे थवेही पश्चिमेकडे आभाळ उजळ असताना जास्त गडबडीत असतात.

पंखांसाठी स्लो मोशन लावा. चारही पंखांना स्वतःचे वेगळे स्नायू असतात, पुढची जोडी आणि मागची जोडी आळीपाळीने हलू शकते, म्हणूनच तो हवेत एका जागी थांबतो, बाजूला सरकतो, अचानक वळतो. पंख सेकंदाला साधारण ३० ते ४० वेळा हलतात आणि मोबाइल २४० फ्रेम घेतो, म्हणजे एका हालचालीला सहा-आठ चित्रं मिळतात, एवढ्यात जोड्या वेगवेगळ्या हलताना दिसायला पाहिजेत. पाय मात्र चालायला जवळपास निरुपयोगी, काटेरी सहा पाय पुढे जमवून त्यांची जाळी होते, त्यात सावज अडकतं, आणि तेच पाय काडी धरायला. भर दुपारी काही चतुर शेपूट सरळ सूर्याकडे उभी करून बसलेले दिसतील, अंगावर ऊन कमी पडावं म्हणून असतं ते. वेळ आणि ऊन किती होतं हे बाजूला लिहून ठेवा.

आणि पार्किंगमधल्या चकचकीत गाडीच्या बॉनेटवर चतुर शेपूट आपटताना दिसला तर नक्की थांबून बघा. ती मादी असते, गाडीच्या चमकेला ती पाणी समजते आणि अंडी घालायला बघते, कारण पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आणि चकचकीत रंगावरून येणारा प्रकाश तिच्या डोळ्याला सारखाच वाटतो. एवढा अचूक डोळा आणि तरी इथे फसतो, हे वहीत यायलाच हवं.

खालचा शिकारी

इथे आधी नुसतं बसा. मुंगीसिंहाचा खड्डा बघताना लोक लगेच काडी घालतात, ती सवय सोडा. दहा-पंधरा मिनिटं एका खड्ड्याकडे बघत बसलात आणि काहीच झालं नाही तर तेही लिहा, 'काही झालं नाही' हाच मुंगीसिंहाच्या दिवसाचा मोठा भाग आहे. चतुराच्या पानावर पंधरा मिनिटांत ओळीच्या ओळी भरतात आणि याचं पान कोरं राहतं, तो कोरा कागद म्हणजे तुमच्या तुलनेतला पहिला खरा फरक.

मग खड्ड्याचं माप घ्या, पट्टी वर आडवी धरून, मातीला न लावता. खड्ड्याच्या भिंतीचा उतार नीट बघा. कोरडी बारीक माती जितक्या उभ्या उतारावर जेमतेम टिकते, बरोबर तितकाच उतार तो ठेवतो, म्हणून मुंगीचा पाय पडला की माती सरकते. खड्डा करताना तो मागे मागे चालत गोल फिरतो आणि डोक्याने माती बाहेर उडवतो, जड कण लांब पडतात आणि भिंतीवर बारीक माती उरते, म्हणजे घसरगुंडी आपोआप जास्त निसरडी होते. हे घरी करून बघता येतं, ते पुढे सांगते.

मुंगी पडली की तळातून मातीचा फवारा उडतो. लोकांना वाटतं तो मुंगीला नेम धरून मारतो, थोडंफार तसंही असेल, पण मोठा फायदा हा की त्या माऱ्याने उतार ढासळतो आणि मुंगी माती सकट खाली येते. डोळ्यांवर त्याचा फार भर नाही, अंगावरच्या केसांना मातीतली थरथर कळते. जबडे बाकदार, आतून पोकळ, ते रुतवून तो विष आणि पाचक रस आत सोडतो आणि पातळ झालेलं शोषून घेतो, मग उरलेलं रिकामं सालपट खड्ड्याबाहेर फेकून देतो. ती सालपटं म्हणजे तुम्हाला आयती मिळालेली माहिती, खड्ड्याच्या कडेची सालपटं ब्रशने कागदावर घ्या आणि भिंगातून बघा, कुठल्या मुंग्या, कुठला छोटा भुंगेरा, काय काय खाल्लं ते कळतं. चतुराच्या बाबतीत असा पुरावा मिळत नाही, तो चावून गिळून टाकतो.

कितीतरी मुंग्या खड्ड्यातून निसटतात सुद्धा. मोठ्या मुंग्या जास्त. निसटली तर लिहा, कारण चतुराच्या झेपेशी हे ताडून बघायचंय, आणि निसटल्यावर खड्डा किती ढासळला, त्याने तो लगेच साफ केला का, तेही. चतुराची झेप हुकली तर त्याचं एखादं सेकंद जातं. याची मुंगी हुकली तर वर दुरुस्तीचं काम लागतं.

घरी आणायचा असेल तर चमचा खड्ड्याच्या बाजूने खोल घालून तीन-चार सेंटिमीटर माती सकट उचला आणि चहाच्या गाळणीतून हळूहळू चाळा. गाळणीत राखाडी फुगीर अंगाचा किडा राहील, तो आधी काही मिनिटं मेल्यासारखा पडतो, घाबरू नका, मग एकदम मागे चालायला लागतो. डब्यात चार-पाच सेंटिमीटर कोरडी बारीक वाळू घाला आणि एका डब्यात एकच ठेवा, दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खातो. दोन वेगळे डबे करून एकात चाळलेली बारीक आणि दुसऱ्यात जाडी वाळू घातलीत तर रात्रीतून खड्डे कसे वेगळे होतात ते सकाळी मोजता येईल, हा या सगळ्या गाइडमधला माझा सगळ्यात आवडता भाग आहे, मुलं उठल्या उठल्या डब्याकडे धावतात. दोन-तीन दिवसांनी एक छोटी मुंगी पुरे. मजा म्हणून रोज दहा-दहा मुंग्या टाकू नका, आणि गवताच्या काडीने पुन्हा पुन्हा खोटी थरथर करून त्याला माती उडवायला लावू नका, अर्धपोटी राहायला बनलेल्या जीवाची ताकद त्यात फुकट जाते.

वहीत दोघांना एकच प्रश्न विचारायचे आणि समोरासमोर दोन पानं ठेवायची: सावज आहे हे कळतं कशाने, किती वेळ वाट बघतो, पकडायचं हत्यार कुठलं, खायची पद्धत काय, हुकलं तर काय जातं, तसाच दुसरा जवळ आला तर काय करतो, आणि खाणं मिळालं नाही तर किती दिवस तग धरतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला बघून मिळणार नाही म्हणून सांगते, मुंगीसिंह काही महिने उपाशी राहू शकतो, त्याच्या शरीराचा कारभार इतका संथ असतो. चतुराला ते परवडतच नाही, उडणं हे फार खर्चाचं काम आहे, त्याला रोज खावं लागतं. खाणं किती मिळतं त्यावर मुंगीसिंहाचं अळीपण काही महिने ते दोन-तीन वर्षं चालतं.

आता वय जुळवा

इथे तुलना खरी रंगते. चतुराचं पिल्लू बघायला अगाशीच्या टाकीत, बागेतल्या हौदात, किंवा पावसाच्या मोठ्या डबक्यात जे अजून आटलेलं नाही तिथून गाळणीने तळाचा गाळ आणि थोडं पाणी पांढऱ्या डब्यात घ्या आणि पाणी निवळू द्या. मळकट रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा, बिनपंखांचा सहा पायांचा किडा तळाशी हळूच सरकताना दिसला तर तोच. डासांच्या अळ्या त्याच पाण्यातल्या असतील तर त्यातल्या दोन-चार डब्यात ठेवा आणि बघा.

तोही बसून राहतो! थेट मुंगीसिंहासारखाच दबा धरून. आणि अळी जवळ आली की तोंडाखाली घडी करून ठेवलेला खालचा ओठ एकदम पुढे सुटतो, टोकाला आकडे असतात, अळी पकडून ओठ परत घडी होतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतं, म्हणून मोबाइल स्लो मोशनवर आधीपासून चालू ठेवा. म्हणजे बघा, 'चतुर पळून मारतो आणि मुंगीसिंह बसून मारतो' असं जे वाक्य सगळे लिहितात ते अर्धंच खरं आहे. लहानपणी दोघंही बसूनच मारतात. फरक एवढा की मुंगीसिंहाने हत्यार मातीत बांधलंय आणि चतुराच्या पिल्लाने ते तोंडाखाली घडी करून ठेवलंय, एकाला जागा बदलायची तर खड्डा नव्याने करावा लागतो, दुसरा हत्यार घेऊन कुठेही जातो.

पिल्लू पकडायला मिळालं नाही तरी टाकीच्या भिंतीवर किंवा पाण्यातून वर आलेल्या गवतावर त्याची सुकलेली कात चिकटलेली असते, ती हलकेच काढून आणा. पाण्यात थोडी भिजवली की सुईने तो ओठ उघडून बघता येतो, कुठल्याही जीवाला धक्का न लावता.

दोघांची मागची बाजू पण ताडून बघा, इथे जे आहे ते मला आजही थक्क करतं. चतुराच्या पिल्लाचे कल्ले त्याच्या गुदाशयात असतात, मागून पाणी आत घेतो आणि त्यातला ऑक्सिजन वापरतो, आणि संकट आलं की तेच पाणी जोरात मागे सोडून पुढे सटकतो. डब्यात ब्रश हळूच मागून नेलात तर हे दिसतं, पाय न हलवता तो एकदम पुढे जातो. मुंगीसिंहाच्या अळीचं उलट, तिच्या पोटाची वाट मागे बंदच असते, मधलं आतडं मागच्या आतड्याला जोडलेलं नसतं, त्यामुळे सगळं अळीपण ती घट्ट विष्ठा बाहेर टाकतच नाही, सगळा साठा प्रौढ होऊन बाहेर पडल्यावर एकदम निघतो. आणि वाट बंद असली तरी मागच्या टोकातून रेशीम मात्र निघतं, कोष विणायला.

हा कोष म्हणजे दुसरा मोठा फरक. मुंगीसिंह अळी, कोष, मग पंखवाला कीटक अशा सगळ्या पायऱ्या घेतो. चतुराला कोषाची पायरीच नाही, पिल्लू पाण्याबाहेर येतं, पाठ फाटते, चतुर बाहेर. डब्यातला खड्डा नाहीसा झाला आणि बरेच दिवस पुन्हा झाला नाही तर किडा मेला म्हणून वाळू फेकून देऊ नका, चाळून बघा, वाळूचे कण चिकटलेली छोटी गोळी मिळाली तर तो कोष आहे. तो परत वाळूत ठेवा, त्यात एक खरबरीत काडी उभी रोवा आणि डब्यावर जाळीचं कापड बांधा. साधारण महिनाभराने तो बाहेर येतो आणि पंख पसरायला त्याला वर चढायला काहीतरी लागतं.

मोठा झालेला मुंगीसिंह लांब, नाजूक, जाळीदार पंखांचा, बघितल्याबरोबर टाचणी वाटते. रात्री ट्यूबलाइटपाशी असा किडा आला तर त्याच्या मिशा बघा. टाचणीच्या आणि चतुराच्या मिशा जेमतेम केसाएवढ्या असतात. मुंगीसिंहाच्या मिशा ठळक आणि टोकाला जाड. बसताना तो पंख अंगावर उतरत्या छपरासारखे मिटतो, आणि उडणं एकदम कच्चं, फडफड करत. ज्याने खड्ड्यात एवढी करामत दाखवली तो हवेत मात्र चतुराच्या पासंगालाही पुरत नाही. काही जाती तेव्हा छोटे किडे खातात, काही परागकण खातात, पण बरीचशी शिदोरी अळीपणीच बांधून झालेली असते. चतुर मात्र दोन्ही वयांत शिकारी, आधी पाण्यात मग हवेत. माझ्या मते दोघांत सगळ्यात मोठा फरक हाच आहे, पळणं-बसणं हा नाही.

आणि अंतर. बडोद्यात ऑक्टोबरमधे दिसणारे ते पिवळे ग्लायडर चतुर किती लांबचे प्रवासी असू शकतात बघा. मालदीवमधे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की तिथे दर वर्षी ऑक्टोबरपासून हे चतुर प्रचंड संख्येने उतरतात, आणि त्या बेटांवर अंडी घालायला गोडं पाणी तर जवळजवळ नाही. २००९ मधे त्यांनी मांडलं की हे भारतातून वाऱ्यावर समुद्र ओलांडून पुढे पूर्व आफ्रिकेकडे जातात आणि पुढच्या पिढ्या परत येतात, सगळा फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा. यांची पिल्लं दीड-दोन महिन्यांतच मोठी होतात, ते गरजेचंच आहे, कारण पावसाचं डबकं आटायच्या आत सगळं उरकायचं असतं. आणि दुसरीकडे मुंगीसिंह, ज्याची दोन वर्षं एकाच ओट्याखाली, वीतभर इकडे तिकडे सरकण्यात जाऊ शकतात. मुलांना नकाशावर ही रेघ काढायला लावा, आणि शेजारी मुंगीसिंहासाठी फक्त एक टिंब.

डासांबद्दल एक प्रश्न हमखास येतो की चतुर पाळले तर डेंगी जाईल का. पिल्लं डासांच्या अळ्या भरपूर खातात हे खरं, म्यानमारमधल्या यांगूनमधे घरोघरी पाण्याच्या भांड्यांत क्रोकोथेमिसची पिल्लं सोडून डेंगीच्या डासाची संख्या खाली आणली होती, १९९० मधे ते छापून आलंय. पण ते ठरवून, नियमित सोडून, लोकांना बरोबर घेऊन केलेलं काम होतं. आपण कूलर आणि कुंडीखालच्या थाळीतलं पाणी ओतायचं ते ओतायचंच.

परत सोडताना

चतुर मुळात पकडायचाच नाही, शेपटाला दोरा बांधणं तर अजिबात नाही, मुलांना पहिल्या दिवशीच सांगून टाका. पाण्यातली पिल्लं त्याच दिवशी त्याच पाण्यात परत, दुसऱ्या टाकीत नको. मुंगीसिंह जिथून आणला त्याच ओट्याखाली, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, ब्रशने हळूच मातीवर ठेवा, बाकीच्या खड्ड्यांपासून निदान हातभर लांब, आणि तो मागे मागे जाऊन मातीत शिरेपर्यंत तिथे थांबा, कारण त्या मिनिटभरात मुंग्याच त्याला घेरू शकतात. दिवाळीची साफसफाई चालू असेल तर घरच्यांना विनंती करून ठेवा की तेवढी एक पट्टी यंदा पाण्याने धुऊ नका, झाडू मारला तरी चालतो, खड्डा ते रात्रीतून पुन्हा करतात, पण पाणी पडून माती घट्ट झाली की तिथून त्यांना उठावं लागतं.